पाठीवरचा पाऊस

पाऊस वरून पडतो, अशी परगावच्या पाहुण्यांची समजूत असते. आम्हां रत्नागिरीकरांना तो समुद्रावरून आडवा येतो आणि छत्रीखालूनही गाठतो. वर्षाकाठी ३००० मिलिमीटरांहून अधिक पाणी, आणि तेही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत! अशा मुलखात कॅनव्हासची सॅक पाठीला लावून डोंगर हिंडायचे, तर एक गोष्ट आधीच मान्य करावी: सॅक भिजणारच. भिजू द्यायचे नाही ते आतल्या सामानाला.

यात काय मोठेसे, असे वाटेल. पण आमच्या जिल्ह्यात, खेड तालुक्यात महिपतगड, सुमारगड आणि रसाळगड हे तीन किल्ले आहेत. दिवसभर भिजत चालून संध्याकाळी रसाळगडावर झोलाईच्या देवळात टेकले, की चालण्याने आलेली ऊब बघता बघता ओसरते. ओल्या अंगाला वारा लागला, की पारा वीस अंशांवर असूनही दात वाजू लागतात, बोटांना साधी गाठ सुटत नाही. अशा गारठलेल्या सोबत्याला आधी आडोशाला नेऊन कोरडे कपडे चढवावे लागतात. ते सॅकेत कोरडे असतील तरच!

कॅनव्हास तसा गुणी. सुती धागा पाणी पिऊन फुगतो, विणीतली भोके बुजतात आणि हलकी सर निभावते. पण तासभर झोडपले, की पाणी पाझरतेच. आणि पहिल्याने शिवणीतून, कारण सुईचे प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला वाट.

उपाय परसातल्या अळूपाशी आहे. त्याच्या पानावर मेणाचा अगदी बारीक थर असतो, म्हणून थेंब टिकत नाही. सॅकेलाही मेण द्यावे, आणि त्यासाठी दिवाळीच्या आसपासचे कडक ऊन उत्तम. नुसते पॅराफिन घडीवर तडकते. म्हणून तीन भाग पॅराफिनला एक भाग मधमाश्यांचे मेण घ्यावे. डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून ते वितळवावे. थेट विस्तवावर नको, पेट घेते. त्याची वडी पाडून उन्हात तापलेल्या सॅकेवर घासावी, शिवणींवर दोनदा. मग जुने फडके पसरून वरून कोमट इस्त्री फिरवावी, म्हणजे मेण धाग्यात मुरते. खांद्याचे पट्टे सोडावेत, नाहीतर सदऱ्याला डाग पडतात. पुढे मात्र या सॅकेला साबण आणि गरम पाणी वर्ज्य.

दुसरा धडा इरल्याचा. बांबूच्या कामट्यांवर पाने रचून केलेले हे इरले डोक्यावरून पाठीवर उतरते. लावणी करणाराचे दोन्ही हात मोकळे राहतात आणि पाणी उतारावरून निघून जाते. तसेच सॅकेचे झाकण फुगीर राहील असे सामान भरावे, म्हणजे वर पाणी साचत नाही. रेनकोटही माणूस आणि सॅक या दोघांना मिळून झाकील असा ऐसपैस असावा. नाहीतर पाठ आणि सॅक यांच्या फटीतून पाणी उतरते.

आणि शेवटचा पहारा आतला. आषाढात पापड कुरकुरीत ठेवणाऱ्या कोकणातल्या गृहिणीला हे सांगावे लागणार नाही: डब्यात डबा! सॅकेच्या आत तिच्याहून मोठी, जाड प्लास्टिकची पिशवी घालावी. तोंडाला पीळ देऊन, दुमडून बांधावी. त्यात रात्रीचे कपडे आणि पांघरूण आणखी एका पिशवीत. काड्यापेटी फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत, औषधे दुसऱ्या बाटलीत. ओला टॉवेल मात्र मोठ्या पिशवीबाहेर. तो आत गेला, की सगळी मेहनत फुकट.

घरी परतल्यावर सॅक रिकामी करावी, खिसे उलटे करावेत आणि वारा लागेल अशा सावलीत ती उलटी टांगावी. चुलीजवळ मुळीच नको, मेण वितळेल. दमट सॅक घडी करून कपाटात टाकली, तर पावसाने सोडलेले काम बुरशी पुरे करते. काळे ठिपके पडतात आणि धागा कुजतो.

दिवाळीनंतर डोंगर खुणावू लागतात. तेव्हा पाऊस नसला, तरी रात्रीचे दव असतेच. फराळाचा चिवडा बांधून देताना मुलांच्या सॅकेत ती मोठी पिशवी घातली आहे ना, एवढे एकदा पाहावे.