शाळा वाचायची तर मुले वाचती झाली पाहिजेत

सीमाभागात मराठी शाळेचा विषय निघाला की बोलणे १९५६ पासून सुरू होते. १ नोव्हेंबर, महाजन अहवाल, मोर्चे, निवेदने, कोर्टातल्या तारखा असे करत करत चहा गार होतो आणि बैठक उठते. हे बोलणे खोटे नाही. त्या इतिहासाची झळ आपल्यापैकी प्रत्येक घराला लागलेली आहे. पण गावच्या शाळेचा पट तीसवरून वीसवर आणि वीसवरून बारावर येतो, तो दर वेळी बंगळूरच्या आदेशानेच येतो असे नाही. पुष्कळदा तो आपल्याच गल्लीतल्या एखाद्या घरात, रात्री जेवताना झालेल्या बोलण्यातून येतो. ‘पोरगं तिसरीत गेलं तरी त्याला वाचायला येईना, मग तिथं ठेवून करायचं काय?’ असे म्हणून बाप नाव काढतो आणि जूनमध्ये ते पोर इंग्रजी शाळेच्या टेंपोत बसते.

हा निर्णय बापाचा आहे, हे सुप्रीम कोर्टानेही सांगून टाकले आहे. कर्नाटक सरकारने १९९४ साली आदेश काढून पहिली ते चौथीचे शिक्षण मातृभाषेतून किंवा कन्नडमधून देणे सक्तीचे केले होते. त्या प्रकरणात ६ मे २०१४ रोजी घटनापीठाचा निकाल लागला. प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा आहे, सरकारला मातृभाषा लादता येणार नाही, असे कोर्टाने म्हटले. एकीकडे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्याने पुरेशी सोय करावी, असे घटनेचे ३५० अ कलम सांगते. दुसरीकडे त्या सोयीचा लाभ घ्यायचा की नाही, ही पालकाची मर्जी. शाळा उघडी राहावी म्हणून आपण सरकारशी भांडू आणि भांडलेच पाहिजे. पण शाळा भरलेली राहायची, तर ते वर्गात उभ्या असलेल्या गुरुजींच्या आणि बाईंच्या हातात आहे. आज आम्हाला लिहायचे आहे ते या वर्गातल्या कामाबद्दल.

कोणाची मुले उरली?

सरकारी मराठी शाळेत आज कोण येते, हे जरा डोळे उघडून पाहू. ज्याची ऐपत होती त्यातल्या बऱ्याच जणांनी मूल आधीच दुसरीकडे घातले. उरली ती दुसऱ्याच्या शेतात रोजगाराला जाणाऱ्यांची, खानापूरकडे वीटभट्टीवर राबणाऱ्यांची, बेळगाव शहरात धुणीभांडी करणाऱ्या बायकांची, उद्यमबागेत पाळीवर जाणाऱ्या कामगारांची, निपाणीकडे विड्या वळणाऱ्या आयांची. भाताची सुगी आली, रताळी काढायला आली की घरात चिटपाखरू नसते. धाकट्या भावाला सांभाळायला तिसरीतली मुलगी घरी राहते. सांजवेळी दप्तर उघडून ‘दाखव बघू आज काय शिकवलं’ असे विचारणारे कुणी नाही. आईला स्वतःला वाचता येत नाही, आणि येत असले तरी दिवसभर वाकून कंबर मोडलेली असते.

शिकल्यासवरल्या घरातल्या मुलाला शाळेत काही कमी पडले तर ते घरी भरून निघते. या मुलाला मात्र जे मिळायचे ते शाळेच्या घंटा होण्याच्या आतच. म्हणून गरिबाच्या वस्तीतला शिक्षक हा नुसता धडे उरकणारा नोकरदार राहून चालत नाही. त्याला त्या वर्गाचा कारभारी व्हावे लागते. ‘हा वर्ग माझा आहे आणि यातले एकही मूल वाचायला न शिकता चौथीत जाणार नाही’ असे मनाशी ठरवणे, आणि रोजचा दिवस त्या ठरावाप्रमाणे लावणे, एवढाच या कारभाराचा अर्थ. याला मोठे भाषण लागत नाही, छडी तर नाहीच नाही.

वाचनाचा हा प्रश्न आपल्यापुरताच आहे असे समजू नये. ग्रामीण भारतातल्या मुलांची ‘असर’ नावाची पाहणी होते. २०२२ च्या पाहणीत पाचवीतल्या शंभरातल्या सुमारे त्रेचाळीस मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२४ च्या पाहणीत हा आकडा एकोणपन्नासच्या घरात गेला. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले पाचवीतही मागेच. फरक एवढाच, की इतर ठिकाणी त्यामुळे मुलाचे नुकसान होते; सीमाभागात मुलाबरोबर शाळेचे आणि शाळेबरोबर भाषेचेही होते.

पंधरा मिनिटांचा हिशेब

पहिली गोष्ट वेळेची. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. आता प्रार्थना लांबली, हजेरी रेंगाळली, कुणी पाहुणा आला, मोबाइलवर वरून माहिती मागितली, असे करून रोज पंधराच मिनिटे गेली असे धरू. २०० दिवसांत ती ५० तास होतात. चार तासांच्या हिशेबाने मुलांचे साडेबारा दिवस बुडाले, आणि शाळा मात्र एक दिवसही बंद नव्हती! घरी शिकवणारे कुणी नसलेल्या मुलाचे हे साडेबारा दिवस कधीच परत येत नाहीत.

म्हणून वर्गाची घडी पहिल्या पंधरवड्यातच बसवावी लागते. आत आल्यावर दप्तर कुठे, चपला कुठे, वही कुणी वाटायची, पाणी प्यायला कधी जायचे, काम आधी संपले तर काय करायचे, हे मुलांना करवून घेऊन शिकवायचे. सांगून भागत नाही. रोजचा क्रम ठरलेला असला की मूल निवांत होते. ज्याच्या घरात उद्या बाप कामावर जाईल की पिऊन पडेल याचा भरवसा नाही, त्याला शाळेत तरी उद्या काय होणार हे ठाऊक असावे. हा भरवसाच निम्मी शिस्त लावतो. उरलेली निम्मी गुरुजींच्या न बदलणाऱ्या बोलण्याने लागते. आज हसून सोडले आणि उद्या त्याच गोष्टीला फटकावले, तर मूल गुरुजींचा चेहरा वाचायला शिकते, पुस्तक नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. ‘तुझ्या बापाला तरी येत होतं काय?’ हा टोमणा त्यातच मोडतो, हे काहींच्या ध्यानात येत नाही.

एक गुरुजी, तीन वर्ग

यावर शिक्षक म्हणतील, बोलणे सोपे आहे. आमच्याकडे तीन वर्ग एका खोलीत बसतात. ते खरे आहे. कायद्यानेच साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक धरले आहेत, आणि वर्ग पाच. त्यातला एक बैठकीला गेला की दुसऱ्याकडे सारी शाळा. पण एकत्र वर्ग चालवण्याची रीत आपल्याच राज्यात तयार झालेली आहे. १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ‘नली कली’ सुरू झाली. नावाचा अर्थ आनंदाने शीक. पाठ्यपुस्तकाऐवजी कार्डे, पायऱ्यांची शिडी, आणि प्रत्येक मूल आपल्या गतीने पुढच्या पायरीवर. काही मुले गुरुजींजवळ, काही सोबत्याच्या मदतीने, काही आपापली. पुढे ही पद्धत राज्यभर गेली. ती कुठे जीव ओतून चालली, कुठे कार्डे कपाटातच राहिली. पण तिच्यातले मर्म कुणालाही घेता येते: मुलांचे गट इयत्तेवरून पाडू नयेत, येते त्यावरून पाडावेत.

हे पाहायला परीक्षा लागत नाही. आपल्याकडची मुले ‘क का कि की’ सुरात सरसर म्हणतात आणि आपण समजतो की बाराखडी आली. मधल्याच एखाद्या अक्षरावर बोट ठेवून ‘हे काय?’ विचारा. बरीच मुले पुन्हा ‘क’ पासून गाणे धरतात. तोंडपाठ आहे, वाचन नाही. एका सकाळी प्रत्येक मुलाला जवळ बोलावून एवढेच पाहावे. अक्षर अडते, शब्द अडतो, वाक्य अडते की गोष्ट वाचता येते? असे चार गट झाले की रोज एक तास त्या त्या गटाला त्याच्या पायरीचे काम द्यावे. ‘प्रथम’ या संस्थेने अनेक राज्यांत हीच रीत वापरली आहे. हजेरीपटाशेजारी एक साधी वही ठेवावी, दर महिन्याला प्रत्येक नावापुढे पायरी लिहावी. ज्या नावापुढे दोन महिने तीच पायरी राहिली, ते मूल उद्यापासून गुरुजींच्या पहिल्या रांगेत.

‘मी भाकरी खाल्लो’

सीमाभागातल्या शिक्षकाला आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे मुलाच्या घरची बोली. आपले पोर सहज म्हणते, ‘मी भाकरी खाल्लो.’ पुस्तकी मराठीत ते ‘खाल्ली’ होते. आपल्या बोलीतले हे रूप अडाणीपणाचे नाही. कन्नडमध्ये क्रियापद खाणाऱ्याप्रमाणे चालते, खाल्लेल्या वस्तूप्रमाणे नाही. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेल्या भाषेची ती घडण आपल्या बोलीत आहे. पण वर्गात या वाक्याला हशा झाला, की ते मूल पुढे महिनाभर तोंड उघडत नाही. जे तोंड उघडत नाही ते वाचत नाही.

चांगल्या बाई काय करतात? ‘खाल्लास होय? कशासंगट खाल्लास?’ म्हणून आधी मुलाला बोलते करतात. मग फळ्यावर दोन वाक्ये शेजारी शेजारी लिहितात. हे आपण घरात बोलतो, हे पुस्तकात लिहितात. मुलाला दोन्ही कळतात आणि आईची लाज वाटत नाही. मातृभाषेतली शाळा आपण मागतो ती याचसाठी. त्या शाळेतच घरच्या भाषेला हसू येणार असेल, तर इंग्रजी शाळेने आपले काय वाकडे केले?

कन्नडबद्दलही मन मोकळे ठेवून बोलू. २०१५ च्या कायद्याने कर्नाटकातल्या शाळांत कन्नड भाषा शिकवणे बंधनकारक झाले आहे. सक्तीविषयीचा आपला वाद आपल्या जागी. पण सातबारा, म्हणजे इथला उतारा, कन्नडमध्ये. दवाखान्याचा कागद कन्नडमध्ये. नोकरीची जाहिरात कन्नडमध्ये. मोठ्यांच्या भांडणापायी गरिबाच्या मुलाला त्या कागदापुढे मुके ठेवणे बरे नाही. मराठी पक्की वाचणारे मूल कन्नडही लवकर उचलते, कारण अक्षरांवरून अर्थ काढण्याची खुबी त्याला एकदा साधलेली असते. आधी मराठीचा पाया, मग कन्नड आणि इंग्रजी, तिन्ही नीट. असे सांगणारी शाळा पालकाला पटते.

मूल येत नसेल तर

गैरहजेरीबद्दल मराठी शिक्षकाला दूर पाहायला नको. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. थोरली मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळा कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. मुलाचे घर समजून घेतल्याशिवाय शाळा चालत नाही, हा त्यांचा धडा आजही जुना झालेला नाही.

आपल्याकडे याचा अर्थ एवढाच, की तीन दिवस मूल दिसले नाही तर चौथ्या दिवशी गुरुजी त्याच्या दारात उभे राहावेत. रागावायला नव्हे. ‘अक्का, पोरगी का दिसंना? बरं नाही काय?’ असे विचारायला. ‘धाकट्याला बघायला कोण नाही हो गुरुजी’ असे उत्तर आले, तर धाकट्याला अंगणवाडीत घालता येते का ते पाहावे. आणि वर्षातून एकदा तरी घरी तक्रार न नेता चांगली बातमी न्यावी. ‘तुमच्या पोरीनं आज अख्खी गोष्ट वाचली’ हे ऐकलेली आई रोजगार बुडाला तरी पोरीला शाळेत पाठवते.

गावाचा वाटा

हे सारे शिक्षकाच्याच गळ्यात बांधून गावाने हात झटकावेत, असे आमचे म्हणणे नाही. जागा रिकाम्या ठेवणे, अतिथी शिक्षकांवर वर्ष काढणे, मराठी शाळेला मराठी न येणारा माणूस देणे, यावर आवाज उठवलाच पाहिजे. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीचे काम सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला लावू नये, असे शिक्षणहक्क कायद्याचे २७ वे कलम सांगते. तेही गावाने पाठ करावे. पण आपल्या हातात एसडीएमसी आहे. या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्यात, हा कायदाच आहे. ही समिती रंगरंगोटी आणि स्नेहसंमेलनापुरती राहू नये. गावातल्या शिकलेल्या मुलामुलींनी संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर तासभर बसून पोरांकडून गोष्टी वाचून घेतल्या, तर त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

येत्या एसडीएमसीच्या बैठकीत इमारतीच्या आधी एकच प्रश्न विचारू या: तिसरीत मुले किती, आणि त्यातली किती घडाघडा वाचतात? उत्तर कमी आले तर गुरुजींना धारेवर धरू नका. वही मागा, कोण कुठे अडले ते पाहा, आणि कोणत्या घराने कोणत्या मुलाला हात द्यायचा ते तिथेच ठरवा. दोन महिन्यांनी हाच प्रश्न पुन्हा विचारा. ज्या शाळेत या उत्तराचा आकडा वाढत जाईल, त्या शाळेतून नाव काढण्याआधी बाप दहा वेळा विचार करील.