हेडलाइटचा उजेड जातो कुठे?

दिवसाउजेडी मोटारसायकलवरून चाललो असताना समोरून येणारा एखादा माणूस हाताची पाच बोटे मिटतो आणि उघडतो. ‘तुमचा दिवा चालू राहिलाय’ असे त्याला सुचवायचे असते. आपल्या रस्त्यांवरची ही जुनी माणुसकी. पण १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू होताच आपोआप लागतो. तो बंद करायचे बटणच नसते. त्यामुळे बिचाऱ्याची खूण वाया जाते.

रात्री मात्र तक्रार उलटी असते. दिवा लागलेला असतो, पण खड्डा दिसत नाही. समोर बैलगाडी आहे हे ती दहा हातांवर आल्यावर कळते. मग आपण स्पेअर पार्टच्या दुकानात जातो. दुकानदार म्हणतो, ‘मोठ्या वॅटचा टाका की!’ शंभरातल्या नव्वद वेळा आपण तो टाकतोही. आज मला सांगायचे आहे ते असे, की कमी उजेडाचा दोष पुष्कळदा बल्बकडे नसतो. बल्बपर्यंत वीज ज्या वाटेने येते, त्या वाटेतच तो असतो.

आधी दिव्याच्या पोटात डोकावू. मागची चकचकीत वाटी म्हणजे रिफ्लेक्टर. तिचा पारंपरिक आकार अन्वस्ताचा, म्हणजे पॅराबोलाचा. या आकाराचा गुण असा, की त्याच्या नाभीपाशी दिवा ठेवला तर किरण एकमेकांना समांतर होऊन सरळ पुढे जातात. बल्बमध्ये दोन तारा असतात. अप्परची तार नाभीपाशी असते, म्हणून तिचा झोत लांबवर जातो. डिपरची तार नाभीच्या किंचित पुढे असते आणि तिच्याखाली पत्र्याची नखाएवढी वाटी असते. ही वाटी खाली जाणारा उजेड अडवते. उरलेला उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावर आदळून रस्त्याकडे वळतो. सगळा खेळ मिलिमीटरचा आहे. बल्ब होल्डरमध्ये जरा तिरका बसला तरी झोत झाडाच्या शेंड्यावर जातो आणि आपण बल्बला बोल लावतो.

आता वीज येते कुठून ते पाहू. इंजिनबरोबर फिरणाऱ्या चुंबकामुळे कॉइलमध्ये वीज तयार होते. आपले मेकॅनिक तिला मॅग्नेटोची वीज म्हणतात. ही वीज एसी. शंभर सीसीच्या जुन्या मोटारसायकलींत हॉर्न आणि इंडिकेटर बॅटरीवर चालत, पण हेडलाइट थेट या एसीवर जोडलेला असे. इंजिनचा वेग वाढला की उजेड वाढणार, गाडी सिग्नलला थांबली की मंदावणार. शेताच्या वाटेला वळताना क्लच दाबून ॲक्सिलरेटर पिळायचा आणि त्या उजेडात चिखल बघून घ्यायचा, ही युक्ती गावोगाव कोणी न शिकवता रूढ झाली ती यामुळेच. मोठ्या आणि अलीकडच्या बहुतेक गाड्यांत हेडलाइट बॅटरीच्या डीसी विजेवर चालतो. आपला दिवा कोणत्या जातीचा, हे ओळखणे सोपे आहे. इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवा. बटण असूनही दिवा लागला नाही, तर तो बहुधा एसीवर आहे. अर्थात २०१७ नंतरच्या आपोआप लागणाऱ्या दिव्यांना ही परीक्षा चालत नाही.

डीसी गाडीतली विजेची वाट आठवून पाहा. बॅटरीपासून किल्लीपर्यंत, किल्लीपासून हँडलवरच्या बटणापर्यंत, तिथून डिपरच्या स्विचमध्ये, मग कपलरमधून होल्डरमध्ये आणि परत अर्थमार्गे बॅटरीकडे. तारा बारीक, स्विचचे पॉइंट पावसापाण्याने काळवंडलेले, अर्थचा नट गंजलेला. प्रत्येक ठिकाणी थोडा रोध आणि प्रत्येक ठिकाणी थोडे व्होल्टेज खर्ची पडते. एखादा व्होल्ट गेला तर काय बिघडले, असे वाटेल. पण तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात घटत नाही, त्याहून फार झपाट्याने घटतो. बॅटरीवर १३ व्होल्ट आणि बल्बवर ११.७ व्होल्ट असतील, तर व्होल्टेज गेले १० टक्के, पण उजेड गेला सुमारे ३० टक्के! पैसे भरलेल्या उजेडाचा जवळजवळ तिसरा हिस्सा तारा तापवण्यात जातो.

अशा वाटेवर मोठ्या वॅटचा बल्ब लावला तर काय होईल? ६० वॅटचा अप्पर साधारण ५ अँपिअर प्रवाह घेतो. १०० वॅटचा सव्वाआठच्या आसपास. प्रवाह वाढला की वाटेतले नुकसान वाढते. तारांचे आणि जोडांचे तापणे तर प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे इथे जवळजवळ पावणेतीनपट.

या गणिताची किंमत मी एकदा पसरणीच्या घाटात मोजली आहे. वाईहून पाचगणीला निघालो होतो. रात्रीची वेळ, पत्नी मागे बसलेली. शंभर वॅटचा बल्ब बसवून महिनाही झाला नव्हता. आधी जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि मग नेमका वळणावर दिवा गेला. उजवीकडे दरी आहे एवढे माहीत होते, दिसत काहीच नव्हते. मागून एसटी आली म्हणून निभावले. उरलेला घाट तिच्या पाठोपाठ, तिच्याच उजेडात चढलो. वर जाऊन पाहिले तर होल्डर वितळून बल्बच्या पिनांना चिकटलेला. बल्ब मात्र ठणठणीत होता!

यावरचा उपाय म्हणजे रिले. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर आठवा. हिरव्या बटणातून मोटारीचा सगळा प्रवाह जात नाही. बटण फक्त आतल्या चुंबकाला हुकूम देते आणि मोठे पॉइंट तो चुंबक जोडतो. रिले हेच काम काडेपेटीपेक्षा लहान डबीत करतो. त्याच्या पिनांपाशी बारीक आकडे असतात. ८५ आणि ८६ या पिना आतल्या कॉइलच्या. त्यातली एक अर्थला आणि दुसरी, आधी बल्बकडे जाणाऱ्या स्विचच्या वायरला जोडायची. ३० नंबरच्या पिनेला बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट जाड वायर आणायची आणि ८७ वरून ती बल्बला द्यायची. अप्परसाठी एक रिले, डिपरसाठी दुसरा. आता हँडलवरच्या स्विचमधून पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह जातो. दिव्याची वीज आखूड, रुंद वाटेने येते. बल्ब तोच, वॅट तेच, उजेड मात्र त्याच्या हक्काचा.

वायर दीड चौरस मिलिमीटरची, अनेक तारांची घ्यावी. एकतारी वायर गाडीच्या थरथरीने तुटते. ६०/५५ च्या बल्बसाठी १० अँपिअरचा फ्यूज पुरतो, पण तो बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा. पेट्रोलच्या टाकीखालून जाणारी वायर कुठे घासून उघडी पडली, तर तो फ्यूज आणि आग यांच्यामध्ये दुसरे काही नसते. अर्थसाठीही वेगळी वायर ओढावी. आमचे मेकॅनिक नेमके हेच विसरतात.

एसी दिव्याच्या गाडीला मात्र हा उपाय तसाच लावू नये. किक मारून सुरू होणाऱ्या शंभर सीसीच्या गाड्यांत अनेकदा अडीच अँपिअर-तासांची बॅटरी असे. तिच्यावर ३५ वॅटचा दिवा जोडला, तर तो तासाच्या आत तिला झोपवील. त्या जोडीला कॉइलची अर्थ सोडवावी लागते आणि दोन्ही अर्धलहरी वापरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर बसवावा लागतो. हे काम जाणत्याचे. नव्या गाडीच्या, विशेषतः कंपनीच्या एलईडी दिव्याच्या वायरिंगला हातच लावू नका. आणि जुन्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी बल्ब खुपसला, तर उजेडाचा उगम जागेवर राहीलच असे नाही. मग उजेड वाटेल तिकडे फाकतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात, की आठ मीटरवर उभ्या माणसाच्या, जमिनीपासून दीड मीटर उंचीवरच्या डोळ्यांना आपला दिवा दिपवता कामा नये.

वायरिंग उसकण्याआधी एक मल्टिमीटर घ्या. इंजिन सुरू आणि दिवा चालू ठेवून आधी बॅटरीवर मोजा, मग होल्डरच्या दोन पिनांवर. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल, तर रिले लावून फारसे काही मिळणार नाही. नुसती काच आणि रिफ्लेक्टर तपासा. फरक जास्त असेल, तर आधी कपलर आणि अर्थचा नट घासून पाहा. कित्येकदा तेवढ्यावरच भागते.

शेवटी झोत लावायचा. सपाट जागी भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करा. डिपरच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण पाच सेंटिमीटर खाली पडायला हवी. मात्र गाडी स्टँडवर नको. रोज मागे जो कोणी बसतो, त्याला बसवूनच हे करा. मागे माणूस बसला की मागचे शॉकॲब्सॉर्बर दबतात आणि भिंतीवरची कड डोळ्यांदेखत वर सरकते.