रेघेबाहेरचा खेळाडू

खो-खोचा सामना रंगात आला की आपले डोळे पळणाऱ्याच्या पायांवर खिळतात. कोणी हूल दिली, कोणी खांबाला गिरकी घेतली, कोणी सूर मारून गडी बाद केला, हेच आपण घरी येऊन सांगतो. पण मैदानाच्या रेघेबाहेर आणखी एक माणूस असतो. तो पळत नाही, बसत नाही, कोणाला खो देत नाही. तो फक्त पाहतो, मनाशी हिशेब करतो, आणि दोन डावांच्या मधल्या मिनिटांत चार शब्द बोलतो. त्या चार शब्दांनी सामना फिरतो का? आणि एकाच प्रतिस्पर्ध्याशी पुन्हापुन्हा गाठ पडत असेल तर मालिकाच फिरते का? प्रश्न साधा आहे, पण उत्तर मोठे मौजेचे आहे.

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात युसूफ वडगाव नावाचे गाव आहे. या मुलखात खेळायचे तर खर्चाचे खेळ परवडत नाहीत. खो-खोचे मात्र तसे नाही. दोन खांब, सपाट जमीन आणि रेघा आखायला चुन्याची फक्की एवढ्यावर भागते. खो-खोचा नकाशा कोणी काढलाच, तर त्यात हा केज तालुका ठळक दाखवावा लागेल. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तीत भारतीय महिला संघाचे नेतृत्व करणारी प्रियांका इंगळे मूळची याच तालुक्यातली. वाढली पुण्याकडे, पण मुळे केजच्या मातीतली.

चार डावांचा हिशेब

१९ जानेवारीला दिल्लीत नेपाळविरुद्ध अंतिम सामना झाला. सात-सात मिनिटांचे चार डाव, आणि बाद केलेल्या प्रत्येक गड्यामागे दोन गुण. पहिल्या डावात भारताने आक्रमण केले आणि ३४ गुण मिळवले. दुसऱ्या डावात नेपाळने २४ गुणांनी उत्तर दिले. मध्यंतराला फळ्यावर आकडे होते ३५-२४. अकरा गुणांची आघाडी, म्हणजे जेमतेम सहा गडी. एवढे अंतर खो-खोत दोन-तीन मिनिटांत वाहून जाते.

तिसऱ्या डावात भारताची धावसंख्या ७३ वर गेली. चौथ्या डावात नेपाळला पन्नास गुण हवे होते, आणि मिळाले अवघे १६. कारण कर्नाटकाची चैत्रा बी. हिच्या तुकडीने ५ मिनिटे १४ सेकंद नेपाळला झुलवत ठेवले. या स्पर्धेच्या नियमाप्रमाणे तीन मिनिटे टिकलेल्या तुकडीला पुढे गुणही मिळू लागतात. त्यामुळे पळता पळता भारताच्या खात्यावर पाच गुण वाढले, आणि शेवटी ७८-४० असा निकाल लागला.

दुसऱ्या डावात २४, चौथ्या डावात १६. पळणाऱ्या मुली त्याच, पाठलाग करणाऱ्याही त्याच. या फरकात मुलींचे पाय आणि दम आहेतच. पण तिघींच्या कोणत्या तुकडीने आधी उतरायचे, कोणाला राखून ठेवायचे, प्रतिस्पर्ध्याची कोणती खेळाडू खांबाजवळ सूर मारते आणि तिला कोणत्या बाजूने टाळायचे, हे ठरवणारे डोके रेघेबाहेर असते. त्या दिवशी ती जबाबदारी प्रशिक्षक सुमित भाटिया यांच्यावर होती. पुरुष संघाचेही असेच झाले. स्पर्धेच्या पहिल्याच रात्री भारताने नेपाळला ४२-३७ असे, म्हणजे पाचच गुणांनी, हरवले होते. आठवडाभरात त्याच नेपाळशी अंतिम सामन्यात गाठ पडली, तेव्हा आकडे झाले ५४-३६. दुसऱ्या भेटीत माणूस माणसाला ओळखू लागतो, तसे संघही एकमेकांना ओळखू लागतात. खरी गंमत तिथून सुरू होते.

बोलायला बंदी!

आज आपल्याला नवल वाटेल, पण खेळ चालू असताना शिक्षकाने खेळाडूशी बोलणे हा एके काळी गुन्हा मानला जाई. खेळाडूने स्वतःच्या बुद्धीने खेळावे, उसन्या नव्हे, असा जुन्या लोकांचा आग्रह. बास्केटबॉल हा खेळ १८९१ साली अमेरिकेत जेम्स नायस्मिथ या शिक्षकाने काढला. पुढे तिथल्या नियमांत, सामना चालू असताना बाहेरून शिकवू नये, असे कलम १९१० च्या सुमारास आले. मध्ये थोडा वेळ खेळ थांबवला, तरी त्या वेळात शिक्षकाला आपल्याच मुलांशी बोलता येत नसे. ती मोकळीक १९४०-५० च्या दशकाच्या अखेरीस मिळाली. टेनिसने तर आणखी उशीर केला. बाहेरून सल्ला देण्याची सर्वसाधारण परवानगी तिथे २०२५ पासून मिळाली.

बंदी उठली आणि बास्केटबॉलमध्ये रेघेबाहेरच्या माणसाचे राज्य आले. आपल्याकडे हा खेळ नागपाड्यासारख्या मुंबईच्या वस्तीत अनेक पिढ्या रुजला आहे, पण घराघरांत त्याची ओळख थोडी. म्हणून एवढेच सांगतो की, एका वेळी मैदानात प्रत्येकी पाच खेळाडू असतात, बदली खेळाडू हवा तितक्या वेळा आतबाहेर करता येतो, आणि प्रशिक्षकाला खेळ थांबवून बोलण्याचा हक्क असतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धेत बाद फेरीची प्रत्येक लढत सात सामन्यांची असते, आणि चार जिंकेल तो पुढे. म्हणजे दोन-दोन आठवडे तेच दोन संघ समोरासमोर! पहिल्या सामन्यात चाललेली युक्ती तिसऱ्या सामन्यापर्यंत शिळी होते.

पहाटे तीनचा निरोप

२०१५ सालची अंतिम मालिका घ्या. गोल्डन स्टेट आणि क्लीव्हलँड यांची गाठ पडली होती. तीन सामने झाले, आणि क्लीव्हलँड २-१ असे पुढे गेले. लेब्रॉन जेम्ससारखा महारथी आणि मोझगॉव्हसारखा धिप्पाड गडी यांच्या जोरावर त्यांनी खेळाची गती मंद करून टाकली होती. गोल्डन स्टेटचे सारे बळ वेगात, आणि वेगच कोंडला गेला होता.

तेव्हा प्रशिक्षक स्टीव्ह कर यांच्या हाताखालचा एक तरुण मदतनीस, निक युरेन, मागल्या वर्षीच्या अंतिम मालिकेच्या चित्रफिती पाहत बसला होता. त्या मालिकेत सॅन अँटोनिओ संघाने सुरुवातीच्या पाचांत एक बदल करून मायामीची घडी विस्कटली होती. युरेनच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि त्याने पहाटे तीनच्या सुमारास निरोप धाडला. सात फुटी अँड्र्यू बोगटला बसवा आणि त्याच्या जागी साडेसहा फुटी आंद्रे इग्वोडालाला सुरुवातीपासून खेळवा, असा तो निरोप होता. इग्वोडाला त्या अख्ख्या हंगामात एकदाही पहिल्या पाचांत उतरला नव्हता. उंचीचा बळी देऊन वेग विकत घ्यायचा, असा हा सौदा.

प्रशिक्षकाने तो मानला. चौथा सामना सुरू झाला, आणि काही मिनिटांतच गोल्डन स्टेट ०-७ असे मागे! कच्च्या दिलाच्या माणसाने तिथेच बोगटला परत बोलावले असते. ते झाले नाही. सामना १०३-८२ असा जिंकला, मालिका ४-२ अशी खिशात पडली, आणि मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला इग्वोडाला.

पण खरा धडा दुसऱ्या बाजूला आहे. त्या चौथ्या सामन्यात क्लीव्हलँडच्या मोझगॉव्हने तब्बल २८ गुण केले होते. तरीही पाचव्या सामन्यात त्यांच्या प्रशिक्षकाने प्रतिस्पर्ध्याच्या वेगाला वेगाने उत्तर द्यायचे ठरवले, आणि मोझगॉव्हला जेमतेम नऊ मिनिटे खेळवले. त्यांचे दोन मोहरे, अर्व्हिंग आणि लव्ह, दुखापतीमुळे आधीच बाहेर होते. त्यामुळे हाताशी माणसे थोडी, हेही खरे. पण परिणाम असा झाला की, क्लीव्हलँड प्रतिस्पर्ध्याच्या आवडीचा खेळ खेळू लागले आणि हरले. एकाने बदल केला तो स्वतःचे बळ मोकळे करण्यासाठी. दुसऱ्याने केला तो समोरच्याचे पाहून. बदल दोघांनीही केला, पण एकाचा फळला आणि दुसऱ्याचा अंगाशी आला. त्याचे कारण हे.

आपल्या घरची गोष्ट

हे सारे अमेरिकेतले झाले. आपल्याकडे अशी मालिका म्हणजे क्रिकेटची कसोटी मालिका. तिथे सामना चालू असताना प्रशिक्षक दूर पॅव्हेलियनमध्ये बसतो, त्यामुळे हे काम बरेचसे कर्णधारालाच करावे लागते. १९७१ साली अजित वाडेकर वेस्ट इंडीजला संघ घेऊन गेला. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीचा पहिला दिवस पावसाने धुऊन गेला होता. भारताच्या ३८७ ला उत्तर देताना वेस्ट इंडीज २१७ वर आटोपले. आघाडी १७० ची. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनसाठी २०० धावांची आघाडी लागते, पण सामना चारच दिवसांचा उरला असेल तर १५० पुरते. वाडेकरच्या हे ध्यानात होते. त्याने सोबर्सला पुन्हा खेळायला सांगितले. सामना अनिर्णित राहिला खरा, पण कोणाच्या मनात भीती शिरली हे उघड झाले. पुढची कसोटी भारताने जिंकली आणि मालिकाही.

पन्नास वर्षांनी मुंबईचाच आणखी एक फलंदाज अशाच कसोटीला उतरला. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला भारताचा दुसरा डाव ३६ धावांत कोसळला. कर्णधार कोहली घरी पहिले अपत्य होणार म्हणून परतला, शमी जायबंदी झाला, आणि सूत्रे आली मूळच्या संगमनेरकडच्या अजिंक्य रहाणेच्या हाती. ३६ धावांत संघ बाद झाल्यावर कोणीही फलंदाजी वाढवली असती. रहाणे आणि प्रशिक्षक रवी शास्त्री यांच्या संघाने उलट केले. कोहलीच्या जागी रवींद्र जडेजाला घेतले, म्हणजे गोलंदाज पाच झाले. कसोटी जिंकायची तर वीस गडी बाद करावे लागतात, हे साधे गणित भीतीच्या वेळी आठवणे कठीण असते.

मेलबर्नला पहिल्या तासाभरातच रहाणेने अश्विनच्या हाती चेंडू दिला. स्टीव्ह स्मिथ शून्यावर, लेगच्या बाजूला मुद्दाम उभ्या केलेल्या पुजाराच्या हाती झेल देऊन परतला. पहिलाच सामना खेळणाऱ्या सिराजला मात्र उपाहारापर्यंत चेंडू मिळाला नाही. चेंडू जुना होईतो त्याला राखून ठेवले होते. रहाणेचे शतक आणि आठ गड्यांनी विजय! सिडनीला शेवटच्या दिवशी सकाळी रहाणे लवकर बाद झाला, तेव्हा विहारीच्या आधी ऋषभ पंतला धाडले. डावरा आणि उजवा अशी जोडी जमली की गोलंदाजाला दर धावेनंतर दिशा बदलावी लागते. पंतने ९७ धावा काढल्या.

न सांगितलेला निरोप

त्याच दिवसाची एक हकीकत अश्विनने पुढे सांगितली आहे. विहारीचा पाय दुखावलेला, अश्विनची पाठ धरलेली. दोघे तासन्‌तास चेंडू अडवत उभे. शास्त्रींनी निरोप देऊन पालघरच्या शार्दूल ठाकूरला मैदानात पिटाळले. शार्दूल दोघांजवळ गेला आणि म्हणाला की, आतून बरेच काही सांगायला दिले आहे, पण मी सांगणार नाही. तुमचे छान चालले आहे, तसेच चालू द्या! दोघे टिकले, आणि सामना वाचला. काही बदलू नये हे कळणे, हाही एक बदलच असतो.

ब्रिस्बेनच्या चौथ्या सामन्यापर्यंत निम्मा संघ जायबंदी झाला होता. ज्या मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर हरली नव्हती, तिथे शार्दूलने ६७ आणि वॉशिंग्टन सुंदरने ६२ धावा करून पहिला डाव सावरला. अखेरच्या दिवशी पंतने नाबाद ८९ धावा करून ३२८ चे लक्ष्य गाठून दिले. मालिका २-१ अशी जिंकली.

बसलेल्या माणसाचे काय?

या साऱ्या कथांत एक माणूस आपण विसरतो, तो म्हणजे ज्याला बसवले तो. बोगट पहिल्या पाचांतून उतरला, तो त्या मालिकेत मग जवळजवळ दिसलाच नाही. मेलबर्नला यष्टिरक्षक साहाची जागा पंतला मिळाली. मोझगॉव्ह २८ गुण करूनही बाकावर गेला. कागदावर बदल म्हणजे एका नावावर काट आणि दुसरे नाव. पण त्या काटेखाली कोणाची तरी वर्षांची मेहनत असते. इग्वोडालाचे मोल हेच, की हंगामभर तो बाकावरून उतरण्यात कमीपणा न मानता खेळला होता. म्हणून ऐन वेळी तो हाताशी होता. रेघेबाहेरच्या माणसाचा खरा कस इथे लागतो. ऐन सामन्यातली युक्ती त्या क्षणी सुचत असेल, पण ती पेलणारी माणसे त्याने आधीच्या अनेक महिन्यांत घडवलेली असतात. विश्वास अगोदर कमावला नसेल, तर मधल्या विश्रांतीत सांगितलेले चार शब्द वाऱ्यावर जातात.

घरात मुले खेळणारी असतील, तर आपल्याला हे विशेष ध्यानात ठेवायला हवे. शाळेच्या सामन्यात आपल्या मुलीला तिसऱ्या तुकडीत ठेवले किंवा मध्येच बाहेर बोलावले, की आई-बाप शिक्षकावर रुसतात, आणि ते रुसणे मूल लगेच उचलते. त्यापेक्षा घरी आल्यावर तिला विचारावे, तू बाहेर आल्यावर खेळ कसा बदलला? युसूफ वडगावसारख्या गावातल्या मैदानापासून दिल्लीच्या अंतिम सामन्यापर्यंत हा प्रश्न सगळीकडे सारखाच लागू पडतो. ज्या मुलीला त्याचे उत्तर देता येईल, ती खेळ खेळायलाच नव्हे, वाचायलाही शिकली असे समजावे. उद्या रेघेबाहेर उभे राहण्याची पाळी तिचीच येणार आहे.