क्रॉसबोचा पल्ला आणि नेम

क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारख्या दस्त्यावर आडवे बसवलेले धनुष्य. दोरी एकदा मागे ओढून खटक्यात अडकवली की ताण धरून ठेवण्याचे काम यंत्र करते. माणसाने फक्त नेम धरून चाप ओढायचा. कल्पना फार जुनी आहे. चीनमध्ये शिआनजवळ पुरलेल्या मातीच्या सैन्यासोबत क्रॉसबोचे काशाचे चाप सापडले आहेत. युरोपात ११३९ मध्ये दुसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांवर हे शस्त्र चालवायला मनाई केली. ती फारशी कोणी पाळली नाही. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९९ मध्ये फ्रान्समधल्या एका वेढ्यात क्रॉसबोच्या बाणानेच जखमी झाला आणि त्या जखमेने मरण पावला.

आज हे हत्यार मुख्यतः अमेरिका आणि कॅनडात हरणांच्या शिकारीसाठी विकले जाते. मध्ययुगीन क्रॉसबोशी त्याची तुलना केली तर एक गोष्ट चक्रावून टाकते. त्या काळच्या जड पोलादी क्रॉसबोची दोरी ओढायला हजार पौंडांहून अधिक जोर लागे आणि त्यासाठी दातेरी चक्राची यंत्रे असत. आजच्या क्रॉसबोला साधारण दोनशे पौंड पुरतात, तरीही त्याचा बाण कितीतरी वेगाने सुटतो. कारण जोराइतकेच महत्त्व तो जोर किती अंतर लावला जातो याला आहे. जुन्या धनुष्याची दोरी वीतभर मागे येई. आजची एक फूट किंवा त्याहून जास्त मागे येते. शिवाय पोलादाच्या जड भुजा स्वतः हलण्यातच बरीच ऊर्जा खात, आणि फायबरग्लासच्या हलक्या भुजा ती बाणाला देतात. तिसरा फरक कप्प्यांचा. अमेरिकेतील मिझुरी राज्याच्या हॉलिस विल्बर ॲलन याला १९६९ मध्ये कप्पी लावलेल्या धनुष्याचे पेटंट मिळाले. विशिष्ट आकाराच्या या कप्प्यांमुळे दोरीच्या प्रवासातला बराचसा भाग जवळपास पूर्ण ताणाखाली होतो. पुढे त्या क्रॉसबोवरही आल्या. रॅव्हिनसारख्या कंपन्यांनी कप्प्या जवळजवळ पूर्ण वेटोळे फिरतील अशी रचना केली, त्यामुळे दोरी चढवल्यावर धनुष्याची रुंदी जेमतेम सहा इंच उरते.

सेकंदाला ४०० फूट, म्हणजे सुमारे १२२ मीटर, हा वेग आता सर्रास मिळतो. ५०० फुटांची मॉडेलेही बाजारात आहेत. जाहिरातीतला आकडा मात्र चालेल तितका हलका बाण वापरून काढलेला असतो. प्रत्यक्ष शिकारीचा बाण जड असतो आणि त्याचा वेग कमी पडतो. २६ ग्रॅमचा बाण १२२ मीटर वेगाने सुटला तर त्याची ऊर्जा सुमारे १९० ज्यूल भरते. पॉइंट टू टू बोअरच्या साध्या रायफलच्या गोळीचीही ऊर्जा साधारण एवढीच असते. फरक असा की ती गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची आणि वेगाने तिप्पट. दूरवर नेम धरण्यातल्या बहुतेक अडचणी या वेगाच्या फरकातून येतात.

बाण सुटल्या क्षणापासून खाली पडू लागतो. १२२ मीटर वेग धरला आणि हवेचा विरोध सोडून दिला, तर सरळ रेषेपासून तो २० मीटरवर १३ सेंटिमीटर, ४० मीटरवर ५३ सेंटिमीटर आणि ६० मीटरवर जवळजवळ १ मीटर २० सेंटिमीटर खाली आलेला असतो. अंतर तिप्पट झाले की घसरण नऊपट होते. हवेच्या विरोधाने यात आणखी भर पडते. घसरण किती हे आधी माहीत असेल तर तेवढे वर धरता येते. खरा धोका अंतराच्या अंदाजात आहे. २० मीटरच्या आसपास पाच मीटरची चूक झाली तर बाण सहासात सेंटिमीटर चुकतो. ६० मीटरच्या आसपास तेवढीच चूक २० सेंटिमीटरची होते. हरणाच्या हृदय आणि फुप्फुसांचा भाग जेमतेम २० ते २५ सेंटिमीटर रुंद असतो. म्हणून लेझरने अंतर मोजणारे उपकरण ही दूरच्या नेमबाजीतली चैन नाही. दुर्बिणीआधी ते घ्यावे.

क्रॉसबोच्या दुर्बिणीत एकाखाली एक अशा अनेक आडव्या रेषा असतात: वरची २० यार्डांसाठी, पुढची ३०, ४०, ५० अशी. एक यार्ड म्हणजे ९१ सेंटिमीटर. या रेषांमधले अंतर बाणाच्या वेगाशी जुळले तरच त्या खऱ्या ठरतात, त्यासाठी दुर्बिणीवर वेगाच्या आकड्यांची फिरती कडी असते. आधी वरची रेषा २० यार्डांवर बसवायची, मग ५० यार्डांवर बाण मारून पाहायचा आणि तो नेमका लागेपर्यंत कडी थोडीथोडी फिरवायची. छापील वेगावर कडी लावून मोकळे होणाऱ्याचा बाण लांबवर हमखास खाली लागतो.

डोंगराळ भागात आणखी एक हिशेब येतो. बाणाच्या घसरणीला आडवे अंतर महत्त्वाचे, तिरके नव्हे. ३० अंशांच्या उतारावर ३० मीटर दूर दिसणाऱ्या जनावरासाठी नेम २६ मीटरचा धरावा लागतो. झाडावरच्या मचाणावरून खाली मारतानाही हेच. धनुष्य बाजूला कलले तर घसरणीचा काही भाग आडवा होतो: ५० मीटरवर पाच अंशांचा कल बाणाला सुमारे सात सेंटिमीटर बाजूला नेतो. एवढा कल हातांना कळतही नाही, म्हणून काही जण दुर्बिणीजवळ गवंड्याच्या लेव्हलसारखी छोटी बुडबुड्याची नळी लावतात.

यंत्र कितीही चांगले असले तरी त्यातून एकसारखेपणा काढून घ्यावा लागतो. दोरी हाताने ओढताना एक बाजू जरा जास्त आली की बाण डावी-उजवीकडे जातो. कप्पी असलेल्या दोरखंडाने किंवा हँडल फिरवून दोरी चढवली तर हा दोष जवळजवळ जातो, आणि जोरही बराच कमी लागतो. बाणांचे वजन एकमेकांशी जुळलेले हवे. मागची खाच कंपनीने सांगितलेल्याच प्रकारची हवी. चुकीच्या खाचेवरून दोरी घसरली तर बाणाशिवाय चाप ओढल्यासारखाच परिणाम होतो, म्हणजे सगळी ऊर्जा धनुष्यातच राहते आणि भुजा किंवा दोरी तुटू शकते. रिकामा चाप ओढू नये हा क्रॉसबोचा पहिला नियम आहे. दुसरा नियम पुढच्या हाताच्या अंगठ्याचा. तो दोरीच्या वाटेच्या खाली राहिला नाही, तर गंभीर इजा होते.

सरावाचे टोक आणि शिकारीचे टोक यांतला फरकही लांबवर दिसू लागतो. सरावाचे टोक गुळगुळीत असते, तर शिकारीच्या टोकाला धारदार पाती असतात आणि मोठ्या वेगात ती छोट्या पंखांसारखी हवा पकडतात. बाण जरासा वाकडा सुटला तरी ती त्याला आणखी भरकटवतात. उडताना मिटलेली आणि लागल्यावर उघडणारी पाती हा त्यावरचा एक उपाय. बाजूच्या वाऱ्याला मात्र उपाय नाही. गोळीपेक्षा बाण हवेत कितीतरी जास्त वेळ असतो, शिवाय त्याला पिसे असतात.

हे सगळे जमले की चांगला क्रॉसबो टेकूवर ठेवून शंभर यार्डांवरच्या लक्ष्यपटावर बाणांचा घट्ट पुंजका बसवता येतो. जाहिराती याच पुंजक्याची छायाचित्रे छापतात आणि इथेच ग्राहकाची फसगत होते. लक्ष्यपट हलत नाही, हरीण हलते. चाप ओढल्यावर होणारा आवाज सेकंदाला ३४० मीटर वेगाने जातो, बाणाच्या जवळजवळ तिप्पट. ४० मीटरवरच्या हरणाला बाणाच्या सुमारे २० शतांश सेकंद आधी आवाज ऐकू येतो, ६० मीटरवर ३० शतांशांहून जास्त आधी आणि ९० मीटरवर जवळजवळ अर्धा सेकंद आधी. दचकलेले पांढऱ्या शेपटीचे हरीण उडी घेण्यासाठी आधी पाय दुमडून खाली बसते. नेम अचूक असतानाही बाण त्याच्या पाठीवरून जातो किंवा, त्याहून वाईट, भलत्याच ठिकाणी लागतो. आवाज ऐकू आला नाही तरी चरणारे जनावर एवढ्या वेळात एक पाऊल टाकू शकते. बाण धक्क्याने मारत नाही, रक्तस्रावाने मारतो. पोटात किंवा मांडीत लागलेला बाण जनावराला तासन्‌तास तडफडत ठेवतो. वेग ४०० वरून ५०० फुटांवर नेला तरी आवाज आणि बाण यांच्यातली वेळेची दरी थोडी अरुंद होते, बुजत नाही. म्हणूनच लक्ष्यपटावर शंभर यार्ड मारणारे अनेक अनुभवी शिकारी जंगलात ४० यार्डांच्या आसपास थांबतात. त्यांचेच बरोबर आहे.

कायदे जागोजागी वेगळे आहेत. अमेरिकेत विस्कॉन्सिनने २०१४ पासून क्रॉसबोसाठी शिकारीचा स्वतंत्र हंगाम सुरू केला, तर ओरेगॉनमध्ये क्रॉसबोने शिकार करता येत नाही. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने धनुष्य आणि क्रॉसबो दोन्हींनी वन्य प्राणी मारायला बंदी आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने, त्यात दिलेले मोजके अपवाद सोडले तर, अनुसूचीतल्या प्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे. हत्यार कोणते वापरले याने त्यात फरक पडत नाही, आणि शिकारीचा नुसता प्रयत्नही कायद्याच्या दृष्टीने शिकारच ठरतो.