घरच्या प्रोजेक्टरला मोबाईल, सेट-टॉप बॉक्स आणि जुना हँडीकॅम कसा जोडायचा? (माझ्या चुकांसकट)

तारीख होती २९ जून २०२४, शनिवार. टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका, रात्री आठची मॅच. मी पुण्याहून नागापूरला घरी आलो होतो, सोबत एक सेकंडहँड प्रोजेक्टर. एका क्लासवाल्यांनी क्लास बंद केला, त्यांच्याकडून घेतलेला. हॉलमध्ये भिंतीवर पांढरी चादर ताणली. पप्पांच्या एमआयडीसीतल्या शिफ्टचे दोन-तीन काका, गल्लीतली पोरं, आजी, सगळे मिळून पंधरा-सोळा माणसं बसली. आठ वाजले आणि चादरीवर निळ्या रंगात एकच ओळ: 'नो सिग्नल'.

"अरे, तू सॉफ्टवेअर इंजिनीअर ना? मग?" पप्पा म्हणाले. खरं सांगतो, त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हतं. कॉलेजमध्ये चार वर्षांत कुणी हे शिकवलं नाही. त्या रात्री आणि नंतरच्या दोन रविवारी जे शिकलो, ते आज तुमच्यासाठी सोप्या भाषेत लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

प्रोजेक्टर स्वतः काही करत नाही. त्याला चित्र कुणीतरी द्यावं लागतं. देणाऱ्याला सोर्स म्हणतात: मोबाईल, लॅपटॉप, सेट-टॉप बॉक्स, कॅमेरा काहीही. त्यामुळे प्रत्येक वेळी तीनच प्रश्न विचारायचे. सोर्स चित्र बाहेर देतोय का? मधली वायर ते चित्र नेऊ शकते का? आणि प्रोजेक्टरवर बरोबर इनपुट निवडलंय का? रिमोटवर 'सोर्स' किंवा 'इनपुट' नावाचं बटण असतं. निम्म्या वेळा 'नो सिग्नल'चं कारण एवढंच असतं की वायर एचडीएमआयला लावलेली आणि प्रोजेक्टर व्हीजीएवर वाट बघत बसलेला.

मोबाईल टू प्रोजेक्टर: टाइप-सी वायरचा घोळ

मी पहिली चूक इथेच केली. बाजारातून टाइप-सी टू एचडीएमआय वायर आणली, मोबाईलला लावली, मोबाईल चार्जसुद्धा होईना आणि चित्रही येईना. दुकानदाराची चूक नव्हती, वायरचीही नव्हती. माझा मोबाईलच चित्र बाहेर देणारा नव्हता.

टाइप-सी हा फक्त छिद्राचा आकार आहे. आत काय काय चालतं हे कंपनी ठरवते. त्या छिद्रातून व्हिडिओ बाहेर यायला फोनमध्ये 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' नावाची सोय लागते. आपल्याकडे खपणाऱ्या बहुतेक बजेट फोनमध्ये ती नसते. तिथे टाइप-सी फक्त चार्जिंग आणि डेटासाठी असतं. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस सिरीजच्या फोनमध्ये ती सोय असते, आयफोनमध्ये २०२३ च्या आयफोन १५ पासून टाइप-सी आलं आणि त्यात ती आहे. त्याआधीच्या आयफोनला लायटनिंगचा वेगळा अडॅप्टर लागतो.

म्हणून वायर घेण्याआधी कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलची स्पेसिफिकेशन उघडा आणि 'डिस्प्लेपोर्ट' किंवा 'व्हिडिओ आउट' हा शब्द शोधा. फक्त 'यूएसबी २.०' लिहिलं असेल तर वायरवर पैसे घालवू नका. जुन्या व्हिडिओत 'एमएचएल केबल' सांगतात, तीही विसरा. आताच्या फोनमध्ये ती सोय राहिलेली नाही.

मिररिंग केलं, तर आवाज येतो पण चित्र काळं!

वायर फसली म्हणून मी पोरांपैकी एकाची टीव्ही स्टिक मागवली आणि मोबाईलची स्क्रीन मिरर केली. होम स्क्रीन दिसली, गॅलरी दिसली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅचचं अ‍ॅप उघडलं आणि चादर काळी. कॉमेंट्री मात्र व्यवस्थित ऐकू येत होती. आजी म्हणाली, "पूर्वी रेडिओवर असंच ऐकायचो."

हा बिघाड नाही, हे कुलूप आहे. पैसे देऊन बघायच्या व्हिडिओंना चोरून रेकॉर्ड करू नये म्हणून डीआरएम लावलेलं असतं. मिररिंग म्हणजे मोबाईलची अख्खी स्क्रीन फ्रेम-फ्रेम करून पुढे पाठवणं. अ‍ॅपला वाटतं कुणीतरी स्क्रीनची कॉपी घेतंय, आणि ते चित्र झाकून टाकतं. वायरमध्येही असंच एचडीसीपी नावाचं कुलूप असतं. स्वस्तातल्या काही कन्व्हर्टरना त्याची किल्ली नसते, म्हणून लॅपटॉपचा डेस्कटॉप दिसतो पण सिनेमा दिसत नाही.

उपाय दोन आहेत. एक, मिररिंगऐवजी कास्टिंग करा. बऱ्याच अ‍ॅपमध्ये कोपऱ्यात कास्टचं चिन्ह असतं. ते दाबलं की मोबाईल फक्त स्टिकला सांगतो 'हे लाव', आणि स्टिक स्वतः इंटरनेटवरून व्हिडिओ घेते. मोबाईल रिमोट होतो, बॅटरीही वाचते. दोन, स्टिकवरच ते अ‍ॅप टाकून लॉगिन करा. दोन्हीसाठी घरात बरं वायफाय हवं.

स्टिकची अजून एक गंमत. तिला करंट द्यायला लोक प्रोजेक्टरच्याच यूएसबी पोर्टमध्ये वायर खुपसतात. त्या पोर्टमधून बरेचदा अर्धा अँपिअरच मिळतो आणि स्टिकला साधारण एक अँपिअर लागतो. मग ती चालू होते, बंद होते, परत चालू होते. तिच्यासोबत आलेला चार्जर वापरा आणि भिंतीच्या सॉकेटला लावा.

शेवटी मॅच लागली ती सेट-टॉप बॉक्सवर

पावणेनऊला पप्पा उठले, टीव्हीमागून सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय वायर काढली आणि माझ्या हातात दिली. "ही लावून बघ." लावली. सोर्स बदलला. लगेच चित्र! आठवी पास माणसाने इंजिनीअरला हरवलं, एवढंच काकांचं म्हणणं.

आणि याचा एक फायदा नंतर कळला. इंटरनेटवरचं लाइव्ह प्रक्षेपण डिश किंवा केबलच्या बरंच मागे असतं, कारण व्हिडिओचे छोटे तुकडे करून, साठवून मग ते पाठवले जातात. शेवटच्या ओव्हरमध्ये आफ्रिकेला १६ रन हवे होते. सूर्यकुमारने बाउंड्रीवर मिलरचा कॅच घेतला तेव्हा आमच्या घरातून आधी आरडाओरडा झाला, मोबाईलवर बघणाऱ्या शेजाऱ्यांकडून नंतर. भारत ७ रननी जिंकला.

मात्र इथे एक काळजी घ्या. एचडीएमआय वायर चालू असताना काढली-घातली तरी चालते असं म्हणतात, पण आपल्याकडे घराघरांत अर्थिंग नीट नसतं. बॉक्सला छतावरच्या डिशची केबल आलेली असते, प्रोजेक्टर दुसऱ्या सॉकेटवर असतो, आणि दोघांच्या बॉडीत व्होल्टेजचा फरक असू शकतो. वायर लावताना हाताला झिणझिण्या आल्या तर ते हेच. पोर्ट जळायला एवढं पुरतं. म्हणून दोन्ही वस्तू बटणाने बंद, वायर जोडा, मग चालू. शक्यतो दोन्ही एकाच तीन पिनच्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. आणि विजा चमकायला लागण्याआधीच डिशची केबल काढून ठेवा.

लॅपटॉप

लॅपटॉप सगळ्यात सोपा. एचडीएमआय लावा, विंडोज आणि पी ही दोन बटणं एकत्र दाबा, 'डुप्लिकेट' निवडा. आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला तर खाली उजवीकडे स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून आउटपुट बदला.

प्रोजेक्टर जुना असेल आणि फक्त निळा व्हीजीए पोर्ट असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. व्हीजीएमधून फक्त चित्र जातं, आवाज जात नाही. त्याची वेगळी वायर लागते. आणि कन्व्हर्टर एकतर्फी असतो. 'एचडीएमआय टू व्हीजीए' आणि 'व्हीजीए टू एचडीएमआय' दिसायला सारखे, पण काम उलटं. लॅपटॉप एचडीएमआयचा, प्रोजेक्टर व्हीजीएचा, तर पहिला घ्यायचा.

आता खरी गोष्ट: आजोबांची कॅसेट

मॅच संपली, सगळे गेले. आजी चादरीकडे बघत म्हणाली, "यावर सुमीच्या लग्नाची कॅसेट लागंल का रे? त्यात हे बोलल्यात."

सुमी म्हणजे माझी आत्या. लग्न २००५ चं. काकांनी हँडीकॅमवर शूटिंग केलेलं, छोटी मिनी-डीव्ही कॅसेट. आजोबा २०११ मध्ये गेले. त्यांचे फोटो घरात पाच-सहा आहेत, आवाज कुठेच नाही. तेव्हा मोबाईलवर कुणी रेकॉर्डिंग करत नव्हतं. तो आवाज फक्त त्या एका कॅसेटमध्ये होता.

रविवारी माळ्यावरून हँडीकॅम काढला. चार्जरवर चालू झाला, पण त्याची मूळ वायर हरवलेली. सेट-टॉप बॉक्ससोबत आलेली तशीच वायर घरात होती: एका टोकाला इअरफोनसारखी पिन, दुसऱ्या टोकाला पिवळी, लाल, पांढरी. पिन बरोबर बसली. प्रोजेक्टरच्या पिवळ्या छिद्रात पिवळी लावली. चादरीवर राखाडी रेघा, स्पीकरमधून नुसती घरघर.

इथे कारण समजून घ्या. त्या पिनवर चार पट्ट्या असतात: डावा आवाज, उजवा आवाज, चित्र आणि ग्राउंड. पण कोणती पट्टी कशासाठी, हे सगळ्या कंपन्यांनी एकसारखं ठेवलं नाही. त्यामुळे वायर बसते, पण चित्र भलत्याच रंगाच्या टोकातून बाहेर येतं. मी पिवळ्या छिद्रात लाल टोक लावून बघितलं, आणि मांडव दिसला! चित्र लाल वायरमधून येत होतं, आवाज पिवळ्या आणि पांढऱ्यामधून. ती दोन टोकं होम थिएटरला दिली. ग्राउंडची पट्टीच वेगळ्या जागी असेल तर मात्र ही अदलाबदल चालत नाही, मग त्या मॉडेलचीच वायर शोधावी लागते.

दुसरी गोष्ट: जुनं शूटिंग ४:३ आकाराचं असतं आणि प्रोजेक्टर ते १६:९ मध्ये ताणतो. मेनूमध्ये 'आस्पेक्ट रेशो' ४:३ करा, नाहीतर घरातले सगळे जाडे दिसतात. आणि कॅमेरा अमेरिकेतून आणलेला असेल तर तो एनटीएससी पद्धतीचा असतो, आपल्याकडे पाल चालतं. चित्र फिरत असेल किंवा रंग नसेल तर मेनूमध्ये 'व्हिडिओ सिस्टीम' बदलून बघा.

बारा मिनिटं कॅसेट चालली. अक्षता झाल्या. आणि मग कर्रर्र असा आवाज, चित्रात चौकोन चौकोन, कॅमेरा आपोआप थांबला. आजोबा अजून आलेच नव्हते. आजी काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिली. माझ्या पोटात गोळा आला.

ही माझी सगळ्यात मोठी चूक, तुम्ही करू नका. वीस वर्षांची कॅसेट आधी बघायची नसते, आधी कॉपी करायची असते. फीत जुनी, कॅमेऱ्याचं हेड धुळीने भरलेलं. प्रत्येक वेळी चालवणं म्हणजे जुगार. कॅसेट ओढून काढायचीही नाही. बटण दाबून ती स्वतः बाहेर येईपर्यंत थांबायचं. आमची सुदैवाने आली, फीत अडकली नव्हती.

पुढच्या शनिवारी क्लीनिंग कॅसेटने हेड साफ केलं. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांचं यूएसबी कॅप्चर डिव्हाइस लॅपटॉपला लावलं, सुरुवातीपासून एकदाच प्ले केलं आणि तासभर कशालाही हात लावला नाही. तुमच्याकडे फायरवायर पोर्ट असलेला जुना कॉम्प्युटर असेल तर मिनी-डीव्हीसाठी तोच वापरा. त्यात फीतीवरचा डिजिटल डेटा जसाच्या तसा उतरतो. फाइल तयार झाली की लगेच दोन ठिकाणी ठेवा: एक पेन ड्राइव्हवर, एक क्लाउडवर.

आवाजाचं काय?

प्रोजेक्टरचा स्वतःचा स्पीकर बारीक असतो. ब्लूटूथ स्पीकर लावला तर आवाज थोडा मागे पडतो. ओठ हलतात आणि शब्द नंतर येतो. म्हणून प्रोजेक्टरच्या इअरफोन छिद्रातून साधी ऑक्स वायर होम थिएटरला द्या.

जोडताना हा क्रम ठेवा

१. सगळं बंद करा.
२. वायर दोन्ही टोकांना पूर्ण आत बसवा.
३. आधी प्रोजेक्टर चालू करा, मग सोर्स.
४. रिमोटवर बरोबर इनपुट निवडा.
५. चित्र नाही आलं तर एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी वायर, मग पोर्ट, मग सोर्स.
६. शेवटी दिव्याचा प्रोजेक्टर रिमोटने बंद करा आणि पंखा थांबेपर्यंत मेन स्विच काढू नका.

रविवारी रात्री लॅपटॉपवरून तीच फाइल लावली. एकोणतिसाव्या मिनिटाला आजोबा फेटा सावरत आले आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "काय बंद-बिंद झालंय का चालूय रं हे?" सगळे हसले. मी आवाज थोडा कमी करायला रिमोट उचलला.

"राहू दे," आजी म्हणाली. "परत एकदा लाव."

तुमच्या माळ्यावर अशी कॅसेट असेल तर या रविवारीच काढा. प्रोजेक्टर नंतरही घेता येईल.