जुहूचें मैदान आणि आमच्या घरांतील अर्ज

गेल्या महिन्यांत आमच्या नातवानें एक अर्ज आणून आमच्यापुढें ठेवला. धुळें येथें बॉम्बे फ्लाइंग क्लबाच्या शाळेंत त्यास वैमानिक व्हावयाचें आहे. आम्ही जालन्याचे, येथें मुलगा बियाण्यांच्या धंद्यांत किंवा पोलादाच्या कारखान्यांत शिरतो म्हटलें तर कोणी मान वर करीत नाहीं, विमान म्हणतांच मात्र सारें घर माजघरांत जमलें. थोरल्या वहिनी म्हणाल्या, "भावजी, विमान म्हणजे लढाई. सही करूं नका." १९७१ च्या डिसेंबरांत त्या मुंबईस होत्या, दिवे मालवून काढलेल्या त्या रात्री त्या अजून विसरल्या नाहींत.

म्हणून आम्हीं त्या क्लबाचा पूर्ववृत्तांत चाळून पाहिला. १९२८ सालीं तो जुहूस समुद्राकांठच्या सखल मैदानावर सुरू झाला, तेव्हां त्याचा लढाईशीं कांहीं एक संबंध नव्हता. दोन आसनांचें, वर छत नसलेलें, लांकूड व कापड यांचें 'मॉथ' विमान. पंख मिटवून तें लहानशा छपरांत ठेवतां येई. उडणें ही हौस होती, चाकरी नव्हती. जे. आर. डी. टाटा यांस १९२९ च्या १० फेब्रुवारीस पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला. पुढें आगाखानांनीं इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील एकट्यानें करावयाच्या उड्डाणास ५०० पौंडांचें बक्षीस लावलें. टाटा कराचीहून निघाले, सतरा वर्षांचा अस्पी इंजिनियर इंग्लंडहून. मिसरांत अबूकीर येथें अस्पी स्पार्क प्लगांवांचून अडकून पडलेला टाटांस भेटला. त्यांनीं आपल्याजवळचे प्लग त्यास दिले. आणि शर्यत अस्पीनें जिंकली! प्रतिस्पर्ध्यास असा हात देणें खेळांतच शोभतें.

१९३२ च्या १५ ऑक्टोबरला टाटांनीं कराचीची टपाल अहमदाबादमार्गें जुहूस आणली, ती याच मैदानावर. पावसाळ्यांत तें पाण्याखालीं जाई. मग विमानें, वैमानिक व कारागीर यांनीं बिऱ्हाड हलवून पुण्यास येरवड्यास जावें. आम्हांस यांत शेतकऱ्याच्या सुगीचें साम्य दिसतें.

पुढें १९३९ सालीं महायुद्ध आलें. देशांतील क्लबांचें शिक्षण हवाई दलाकडे जुंपलें गेलें व हौस मागें पडली. जुहूपासून अवघ्या दोन किलोमीटरांवर, त्याहून पुष्कळ मोठ्या सांताक्रूझच्या तळावर १९४२ पासून ब्रिटिश हवाई दलाच्या तुकड्या राहूं लागल्या. युद्ध संपलें, पण तो विस्तीर्ण तळ राहिला. १९४८ सालीं उतारूंची विमानें तिकडेच गेलीं. जुहूचा मान गेला तो असा, बाँब न पडतां. आज तेथून मुख्यतः हेलिकॉप्टरें उडतात, आणि क्लबाचे विद्यार्थी धुळ्यास शिकतात.

वहिनींचें म्हणणें अगदींच खोटें आहे, असेंही आम्हांस लिहितां येत नाहीं. अस्पी पुढें युद्धांत लढले व १९६० सालीं आपल्या हवाई दलाचे प्रमुख झाले. पण त्याच आगाखानी शर्यतींतील दुसरे स्पर्धक, 'मिस इंडिया' विमानाचे मनमोहनसिंग, १९४२ च्या ३ मार्च रोजीं ऑस्ट्रेलियांतील ब्रूम येथें जपानी हल्ल्यांत मारले गेले. हौसेनें उडूं लागलेला माणूस युद्धाला हवाच असतो.

हें सारें आम्हीं रात्रीं जेवणानंतर घरांत वाचून दाखविलें. मनमोहनसिंगांचा भाग वगळला नाहीं. नातू खालीं मान घालून ऐकत होता. वहिनींनीं एकच विचारलें, "त्या टाटांनीं प्लग दिले तेव्हां आपण हरूं असें त्यांस वाटलें नसेल का?" आम्हीं म्हटलें, वाटलें असेलच.

अर्जावर आम्हीं सही केली आहे. त्यासोबत बारावीची गुणपत्रिका जोडावयाची आहे. ती वहिनींच्या पेटींत आहे, आणि किल्ली अजून त्यांच्याच कमरेला आहे.