गल्ल्यावर बसणारा प्रत्येक मालक कॅप्टनच असतो! मुंबई रणजी संघाच्या ५ कर्णधारांकडून धंद्यासाठी ५ धडे



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण 'टीम कशी सांभाळायची' यावर बोललो. त्यात मी पॉली उम्रीगर यांचं नाव घेतलं आणि पुढे गेलो. पण विषय दोन मिनिटांत संपणारा नाही, म्हणून इथे नीट मांडतो.

सुरुवात आपल्या गावापासूनच करू. पार्क मैदानावर आजही सकाळी पोरं नेट लावून खेळताना दिसतात. त्यातल्या किती जणांना माहीत असेल की भारताचं पहिलं कसोटी द्विशतक ठोकणारा माणूस लहानपणी याच सोलापुरात वाढला? पॉली उम्रीगर. घर पारशी, वडील कापडाच्या धंद्यात. शाळेच्या वयात कुटुंब मुंबईला गेलं आणि पुढे पॉली मुंबईचे आणि भारताचेही कर्णधार झाले.

आता प्रश्न येईल, धंद्याच्या ब्लॉगवर क्रिकेट कशाला? तर मुंबईच्या रणजी संघाकडे एक 'कंपनी' म्हणून बघा. १९३४-३५ मध्ये स्पर्धा सुरू झाली, पहिला करंडक मुंबईने जिंकला. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ वर्षं जिंकला. २०२३-२४ मध्ये ४२ वा जिंकला. खेळाडू बदलले, कर्णधार बदलले, पण दुकान चालू राहिलं. आपल्यापैकी किती जणांचा धंदा आपण आठ दिवस आजारी पडलो तर नीट चालेल? म्हणून हा अभ्यास.

धडा १ : जबाबदारी दिली तर अधिकारही द्या (पॉली उम्रीगर)

उम्रीगर ५९ कसोटी खेळले, ३६३१ धावा, १२ शतकं. मुंबईच्या त्या सलग विजयांच्या काळात त्यांनी संघाचं नेतृत्वही केलं. पण त्यांच्याकडून शिकायची गोष्ट आकड्यांत नाही.

१९५८-५९ मध्ये वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला होता. पाच कसोटींत भारताने चार कर्णधार वापरले! जानेवारी १९५९ मध्ये मद्रासच्या कसोटीसाठी उम्रीगर कर्णधार होते. अकरा जणांत कोणाला घ्यायचं, यावरून त्यांचं आणि मंडळाच्या अध्यक्षांचं जमलं नाही. अध्यक्षांनी आपल्या पसंतीचा आग्रह धरला. उम्रीगरांनी सामन्याच्या आदल्या रात्री कर्णधारपद सोडलं. खेळायचं मात्र सोडलं नाही. मालिका आपण ३-० ने हरलो.

आता हे आपल्या धंद्यात बघा. सुपरवायझर नेमतो, त्याला सांगतो "सगळं तू बघ." आणि मग कोणत्या मशीनवर कोण बसणार हे घरून फोन करून आपणच ठरवतो. मी स्वतः ही चूक केलेली आहे. माझ्या टॉवेलच्या युनिटमध्ये एका चांगल्या सुपरवायझरने एका कारागिराला उचल द्यायला नाही म्हटलं. मी सगळ्यांसमोर त्याचा शब्द मोडून उचल दिली. कारागीर खूश झाला. सुपरवायझर भांडला नाही, पुढच्या महिन्यात शांतपणे काम सोडून गेला. उचल वसूल झाली, तो माणूस काही परत आला नाही.

उम्रीगरांची अजून एक गोष्ट. १९६२ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर डोक्याला चेंडू लागून गंभीर जखमी झाले आणि २१ वर्षांच्या पतौडींकडे संघ आला. उम्रीगर तेव्हा ३६ वर्षांचे, माजी कर्णधार. त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत एका डावात पाच बळी घेतले, पहिल्या डावात ५६ आणि दुसऱ्या डावात नाबाद १७२ धावा केल्या. मुलाच्या हाती दुकान देणाऱ्या प्रत्येक वडिलांनी हे लक्षात ठेवावं. खुर्ची सोडली तरी हातभार सोडायचा नसतो.

धडा २ : नियम वाचलेला माणूस अर्धी लढाई जिंकतो (अजित वाडेकर)

वाडेकर स्टेट बँकेत नोकरी करणारा माणूस. १९७१ मध्ये पतौडींच्या जागी भारताचे कर्णधार झाले आणि वेस्ट इंडिजला गेले. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत पहिला दिवस पावसात गेला. दिलीप सरदेसाईंच्या २१२ धावांच्या जोरावर भारताच्या ३८७ झाल्या, वेस्ट इंडिज २१७ वर बाद. आघाडी १७०.

पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑन द्यायला २०० ची आघाडी लागते. पण पहिला दिवसच वाया गेला तर सामना चार दिवसांचा धरतात आणि मग १५० पुरतात. वाडेकरांना हे माहीत होतं. त्यांनी समोरच्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊन सोबर्सना सांगितलं, तुम्हीच पुन्हा फलंदाजी करा. सामना अनिर्णित राहिला, पण पाहुण्यांना दबकून राहायची सवय होती, ती तिथे मोडली. पुढची कसोटी ७ गड्यांनी जिंकली, मालिका १-० ने जिंकली. त्याच वर्षी इंग्लंडमध्येही जिंकलो.

मित्रांनो, तुमच्या धंद्याचं 'नियमांचं पुस्तक' कोणतं? उद्यम नोंदणी, जीएसटी, शेंगा चटणी किंवा कडक भाकरी विकत असाल तर एफएसएसएआय. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचा माल घेतल्यावर मोठ्या खरेदीदाराने, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असा कायदा आहे. चादरी-टॉवेलवाल्यांपैकी किती जण उधारी मागताना हा नियम दाखवतात? समोरच्याला वाटतं, याला काय माहीत असणार. तिथेच आपण हरतो.

आणि नाण्याची दुसरी बाजू. १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये भारत ३-० ने हरला, लॉर्ड्सवर ४२ धावांत सगळे बाद झाले. ज्या लोकांनी डोक्यावर घेतलं होतं तेच वाडेकरांवर तुटून पडले. पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळलं आणि ते निवृत्त झाले. पण तिथे त्यांची गोष्ट संपली नाही. पुढे ते भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले. १९९४ मध्ये ऑकलंडला सचिनने "मला सलामीला खेळू द्या" म्हटलं, तेव्हा हो म्हणणाऱ्यांत अझरुद्दीनबरोबर वाडेकर होते. ४९ चेंडूंत ८२ धावा! आपटी खाल्लेला माणूस कडवट झाला नाही, तर दुसऱ्याला संधी देतो.

धडा ३ : दोन धावांचा हिशोब ठेवा (१९९१ ची फायनल)

१९९०-९१ ची अंतिम लढत, वानखेडे. संजय मांजरेकर मुंबईचे कर्णधार, समोर कपिल देवचा हरियाणा. मुंबईला ३५५ हव्या होत्या. ३ बाद ३४ अशी अवस्था होती, तिथून सचिनने ९६ आणि दिलीप वेंगसरकरांनी नाबाद १३९ केल्या. शेवटचा गडी धावबाद झाला तेव्हा धावसंख्या ३५२. दोन धावांनी हरले. वेंगसरकर मैदानावरच रडले.

दोन धावा म्हणजे किती? एखादा सुटलेला चौकार, एखादी न धावलेली एकेरी. धंद्यात हेच होतं. समजा एका चादरीमागे पॅकिंग आणि वाहतुकीचे ४ रुपये तुम्ही किमतीत धरलेच नाहीत. महिन्याला १,००० चादरी जातात. महिन्याचे ४,००० आणि वर्षाचे ४८,००० रुपये गेले! "एवढ्यानं काय होतंय" हे वाक्य आजपासून बंद.

मुंबई त्यातून कशी सावरली? १९८४-८५ नंतर करंडक नव्हता. १९९३-९४ मध्ये रवी शास्त्रींनी तरुण पोरांचा संघ घेऊन तो परत आणला. त्या मोसमात १९ वर्षांच्या एका मुलाने पहिल्याच सामन्यात २६० धावा केल्या. तो मुलगा पुढच्या धड्यात भेटेल.

धडा ४ : तुमचा नंबर नाही आला तरी पॅड बांधून ठेवा (अमोल मुझुमदार)

१९८८ मध्ये शाळेच्या सामन्यात सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली. पुढचा फलंदाज अमोल मुझुमदार पॅड बांधून बसला होता. त्याचा नंबर आलाच नाही. पुढे प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा केल्या, तरी भारतासाठी एकही सामना खेळायला मिळाला नाही.

२००६-०७ मध्ये तो मुंबईचा कर्णधार होता. मोसमाची सुरुवात पराभवांनी झाली. बडोद्याविरुद्ध उपांत्य सामन्यात दुसऱ्या डावात एकही धाव न होता ५ गडी बाद! फलकावर शून्य आणि निम्मा संघ तंबूत. तरीही तो सामना जिंकला आणि नंतर बंगालला हरवून करंडकही.

२०२३ मध्ये तो भारतीय महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत हरमनप्रीतच्या संघाने एकदिवसीय विश्वचषक जिंकला. जे स्वतःला मिळालं नाही, ते दुसऱ्यांना मिळवून दिलं. तुमचं कर्ज एकदा नामंजूर झालं, एक ऑर्डर परत आली, म्हणून शटर ओढू नका. पाच बाद शून्यवरूनही डाव उभा राहतो.

धडा ५ : शेपटाकडूनही धावा येतात (अजिंक्य रहाणे)

२०२३-२४ च्या मोसमात कर्णधार रहाणेची स्वतःची बॅट फारशी बोलत नव्हती. तरी संघ जिंकत होता. कसा? बडोद्याविरुद्ध दहाव्या आणि अकराव्या क्रमांकावर आलेल्या तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे या दोघांनीही शतकं केली. तामिळनाडूविरुद्ध शार्दूल ठाकूर खाली येऊन शतक करून गेला. अंतिम सामन्यात मात्र गरज होती तेव्हा रहाणेने ७३ केल्या आणि विदर्भाला १६९ धावांनी हरवलं. शेवटचा बळी घेतला धवल कुलकर्णीने. तो त्याचा शेवटचा सामना होता.

आपल्याकडे गिऱ्हाइकाशी सगळ्यात जास्त कोण बोलतं? डिलिव्हरीचा मुलगा. पॅकिंग करणाऱ्या मावशींना कोणता माल परत येतो हे तुमच्याआधी कळतं. त्यांना कधी विचारलंय का?

या आठवड्याचा गृहपाठ

वही घ्या, मोबाईल नको. तीन ओळी लिहा.

१. तुम्ही नसताना निर्णय कोण घेईल? त्याचं नाव, आणि किती रुपयांपर्यंतचा निर्णय तो न विचारता घेऊ शकतो तो आकडा.
२. तुमच्या धंद्याला लागू असलेला एक नियम, जो तुम्ही अजून वाचलेला नाही.
३. प्रत्येक नगामागे सुटणारा एक खर्च.

पहिल्या ओळीत नाव सुचलं नाही, तर काळजी करायची गोष्ट आहे. म्हणजे तुमच्याकडे कामगार आहेत, टीम अजून नाही. उद्या सकाळी दुकान किंवा गाळा उघडल्यावर पहिलं काम तेच. एक माणूस निवडा आणि एक छोटा निर्णय पूर्णपणे त्याच्यावर सोडा. चुकला तरी सगळ्यांसमोर त्याचा शब्द मोडू नका. माझी चूक तुम्ही करू नका, एवढंच.

पुढच्या व्हिडिओत बोलू, उचल आणि पगार यांचा हिशोब कसा ठेवायचा यावर. तोपर्यंत, धंदा नीट करा!